८०५१ चा इम्युलेटर बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

असेंब्ली (मशीन कोडच्या अगदी जवळची भाषा) शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मायक्रोकंट्रोलरचा (एकाच चिपवरच्या छोट्या संगणकाचा) इम्युलेटर, म्हणजे त्या चिपसारखं वागणारं सॉफ्टवेअर, लिहायला बसलेल्यांना जे प्रश्न हमखास पडतात, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. सोळा-पायाच्या संख्यांच्या शेवटी 'एच' लावला आहे. बाकी सगळ्या संख्या दशमान आहेत.

कोणता मायक्रोकंट्रोलर निवडावा?

८०५१ निवडा. इंटेलने तो १९८० मध्ये आणला. त्याची अंतर्गत रचना एका माणसाला पूर्ण समजून घेता येईल एवढी लहान आहे, आणि तरी टायमर, इंटरप्ट (चालू काम थांबवून आधी दुसरं करायला लावणारा संकेत), सिरियल पोर्ट, बिट-पत्ते (एकेका बिटाला दिलेले पत्ते) असं शिकवण्याजोगं सगळं तिच्यात आहे. ४ किलोबाइट रॉम, १२८ बाइट रॅम, ८ बिटांचे ४ पोर्ट, १६ बिटांचे २ टायमर, इंटरप्टचे ५ स्रोत आणि २१ विशेष रजिस्टरं (चिपचे भाग चालवणाऱ्या ठरावीक जागा), एवढाच संसार. २५६ ऑपकोडांपैकी (इन्स्ट्रक्शन ओळखणाऱ्या बाइटांपैकी) २५५ वापरात आहेत, एकटा ए५एच रिकामा ठेवलेला आहे. मोठ्या ३२ बिटांच्या चिपचा इम्युलेटर अर्धवट करण्यापेक्षा ८०५१ चा पूर्ण केलेला विद्यार्थ्याच्या जास्त उपयोगी पडतो.

याला इम्युलेटर म्हणायचं की सिम्युलेटर?

वर्गात दोन्ही शब्द चालतात. चिपच्या जागी सॉकेटमध्ये बसणाऱ्या उपकरणाला इन-सर्किट इम्युलेटर म्हणतात, ते वेगळं. इथे बोलणं चाललंय ते मशीन कोड बाइटमागून बाइट वाचून चिपसारखं वागणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. असेंब्लीच्या ओळी थेट चालवणारा शॉर्टकट मात्र घेऊ नका. आधी बाइट तयार करा आणि तेच चालवा. नाहीतर उडीचं अंतर, इन्स्ट्रक्शनची लांबी, पत्ते हे सगळं विद्यार्थ्याच्या नजरेआड राहतं, आणि असेंब्ली शिकायची ती नेमकी त्यासाठीच.

मेमरी कशी मांडावी?

चार वेगळे ॲरे घ्या: कोडसाठी ६५,५३६ बाइट, बाहेरच्या डेटासाठी ६५,५३६, अंतर्गत रॅमसाठी २५६ आणि विशेष रजिस्टरांसाठी १२८. एकच मोठा ॲरे घेतला की घोळ सुरू होतो, कारण ८०५१ मध्ये एकाच पत्त्याचे अर्थ अनेक. 'मूव्ह ए, ९०एच' (९०एच वरचं ए मध्ये, म्हणजे ॲक्युम्युलेटर या मुख्य रजिस्टरात, घ्या) म्हटलं तर पोर्ट १ वाचला जातो. पण आर० या रजिस्टरात ९०एच ठेवून 'मूव्ह ए, @आर०' (आर० मधल्या पत्त्यावरचं घ्या) म्हटलं, तर ८०५२ मध्ये (८०५१ च्या मोठ्या आवृत्तीत) वरच्या १२८ बाइटांतली रॅम मिळते आणि मूळ ८०५१ मध्ये तिथे रॅमच नाही. त्यामुळे 'थेट वाच', 'अप्रत्यक्ष वाच' आणि 'बिट वाच' अशी तीन वेगळी फंक्शनं लिहा, तशीच तीन लिहिण्यासाठी, आणि प्रत्येक इन्स्ट्रक्शन त्यांच्यामार्फतच मेमरीला शिवेल असा दंडक पाळा.

आर० ते आर७ ही वेगळी व्हेरिएबल करू नका. ती रॅममध्येच असतात: पीएसडब्ल्यू या स्थिती-रजिस्टरातले आरएस१ आणि आरएस० हे बिट बँक (आठ रजिस्टरांचा चालू संच) ठरवतात आणि बँक गुणिले ८ अधिक रजिस्टरचा क्रमांक हा पत्ता होतो. वेगळी प्रत ठेवली की 'मूव्ह ०५एच, #१०' केल्यावर आर५ बदलत नाही, आणि तो दोष शोधण्यात दिवस जातो.

बिट-पत्त्यांचं गणित सोपं आहे. ० ते १२७ हे पत्ते रॅमच्या २०एच पासूनच्या १६ बाइटांत पडतात: पत्त्याला ८ ने भागून येणारा भागाकार २०एच मध्ये मिळवला की बाइट, आणि बाकी म्हणजे बिट. १२८ पासून पुढचे पत्ते विशेष रजिस्टरांचे. तिथे पत्त्याचे खालचे तीन बिट शून्य केले की रजिस्टरचा पत्ता मिळतो.

इन्स्ट्रक्शन डीकोड करायला मोठा 'स्विच' लिहावा की तक्ता?

२५६ ओळींचा तक्ता करा. प्रत्येक ओळीत लांबी, मशीन सायकल आणि चालवायचं फंक्शन असू द्या. हाच तक्ता डिसअसेंबलरलाही (बाइटांवरून असेंब्लीची ओळ दाखवणाऱ्या भागालाही) वापरता येतो. तक्ता हाताने पूर्ण भरायची गरज नाही. ऑपकोडचा खालचा अर्धा भाग ८ किंवा त्याहून जास्त असेल तर ऑपरंड आर० ते आर७ पैकी, ६ किंवा ७ असेल तर @आर० किंवा @आर१, आणि ५ असेल तर बहुतेक वेळा थेट पत्ता.

दोन ठिकाणी जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो. पहिलं, 'मूव्ह ४०एच, ३०एच'. याचे बाइट ८५एच, ३०एच, ४०एच असे येतात, म्हणजे स्रोत आधी आणि मुक्काम नंतर, लिहिण्याच्या उलट. दुसरं, सापेक्ष उडी. तिचं अंतर पुढच्या इन्स्ट्रक्शनच्या पत्त्यापासून मोजायचं असतं, स्वतःच्या पत्त्यापासून नव्हे. त्यामुळे आधी प्रोग्रॅम काउंटर (पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता) पुढे न्या आणि मगच अंतर मिळवा. एजंप आणि एकॉल या उडीच्या इन्स्ट्रक्शनांची २ किलोबाइटची पट्टीसुद्धा पुढच्या पत्त्यावरूनच ठरते.

फ्लॅग बरोबर कसे आणायचे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बेरजेत चार फ्लॅग (निकालाविषयी सांगणारे एकेक बिट) येतात. कॅरी म्हणजे निकाल २५५ च्या वर गेला. ऑक्झिलरी कॅरी म्हणजे खालच्या चार बिटांची बेरीज १५ च्या वर गेली. ओव्हरफ्लो म्हणजे चिन्हांकित (ऋण-धन) अर्थाने निकाल −१२८ ते १२७ या मर्यादेत मावला नाही. पॅरिटी म्हणजे ॲक्युम्युलेटरमधले १ असलेले बिट विषम संख्येने आहेत.

दोन बेरजा शेजारी ठेवून पाहा. १०० + ५० = १५०: कॅरी ०, पण ओव्हरफ्लो १, कारण चिन्हांकित वाचलं तर दोन धन संख्यांची बेरीज −१०६ आली. आता २०० + १०० = ३००, ॲक्युम्युलेटरमध्ये उरले ४४: कॅरी १, पण ओव्हरफ्लो ०, कारण चिन्हांकित अर्थाने −५६ + १०० = ४४ अगदी बरोबर आहे. कॅरी आणि ओव्हरफ्लो एकच समजणाऱ्या विद्यार्थ्यापुढे या दोन ओळी चालवून दाखवल्या की गोंधळ तिथल्या तिथे सुटतो.

बाकीचे बारकावे असे. सबबी नेहमी कॅरीसकट वजा करते. बिन-कॅरीची वजाबाकी ८०५१ मध्ये नाहीच, म्हणून आधी 'सीएलआर सी' (कॅरी शून्य करा) लागते. आयएनसी (१ मिळवणे) आणि डीईसी (१ वजा करणे) कॅरीला हात लावत नाहीत, २५५ चे ० झाले तरी कॅरी होता तसाच राहतो. सीजेएनई (दोन संख्या वेगळ्या असतील तर उडी) मात्र कॅरी बदलते: पहिली संख्या लहान असेल तर १. मल एबी (गुणाकार) कॅरी शून्य करते आणि गुणाकार २५५ च्या वर गेला तर ओव्हरफ्लो १ करते. पॅरिटी साठवून ठेवू नका. पीएसडब्ल्यू वाचला जाईल तेव्हा ॲक्युम्युलेटरवरून काढा. चिपमध्ये पीएसडब्ल्यूत लिहून तो बिट बदलता येत नाही.

'डीए ए' (बेरजेचा निकाल दशमान अंकांत दुरुस्त करणारी इन्स्ट्रक्शन) साठी हे उदाहरण जवळ ठेवा: ४९एच + ३८एच = ८१एच. निकालातला खालचा अंक १ आहे, ९ पेक्षा जास्त नाही, त्यामुळे नुसता अंक पाहणारा इम्युलेटर ८१एच वरच थांबतो. प्रत्यक्षात ९ + ८ मुळे ऑक्झिलरी कॅरी लागलेला असतो, म्हणून ६ मिळवायचे आणि उत्तर ८७एच यायला हवं. शिवाय 'डीए ए' कॅरी १ करू शकते, पण आधीच १ असलेला कॅरी ० करत नाही.

सी भाषेत लिहीत असाल तर बेरीज आधी मोठ्या प्रकारात घ्या, फ्लॅग काढा, मग ८ बिटांत कापा. जावास्क्रिप्ट आणि पायथनमध्ये आपोआप कापणं होत नाही, तेव्हा २५५ चा मास्क एकदा जरी विसरला तरी ॲक्युम्युलेटरमध्ये ३०० दिसू लागतो.

पोर्ट म्हणजे फक्त एक रजिस्टर नव्हे का?

प्रत्येक पोर्टला दोन बाजू असतात: लॅच (प्रोग्रॅमने लिहिलेली किंमत धरून ठेवणारी जागा) आणि बाहेरून दिसणारी पिन. पोर्ट १ ते ३ मध्ये लॅचवर १ असेल तर पिन फक्त हलकी वर ओढलेली असते, बाहेरचं बटण तिला सहज शून्यावर खेचू शकतं. म्हणून पिनची किंमत = लॅच 'अँड' बाहेरची किंमत. पोर्ट ० ला स्वतःचा पुल-अप (पिन वर ओढणारी जोडणी) नसतो. तिथे बाहेरून रेझिस्टर जोडलेला नसेल तर लॅचवर १ लिहूनही पिन तरंगतीच राहते.

कोणती इन्स्ट्रक्शन काय वाचते हे खरं महत्त्वाचं. 'मूव्ह ए, पी१' पिन वाचते. पण एएनएल, ओआरएल, एक्सआरएल (अँड, ऑर, एक्स-ऑर) यांनी पोर्टवरच निकाल लिहिला, किंवा पोर्टवर आयएनसी, डीईसी, डीजेएनझेड (१ वजा करून शून्य नसेल तर उडी), जेबीसी (बिट १ असेल तर ते पुसून उडी) चालवली, पोर्टच्या बिटावर सेटबी (१ करा), सीएलआर (० करा), सीपीएल (उलटं करा) किंवा कॅरीची मूव्ह केली, तर लॅच वाचलं जातं.

समजा पी१.० ला बटण आहे आणि पी१.१ ला एलईडी. विद्यार्थ्याने पी१.० वर १ लिहून ती इनपुट केली. बटण दाबलेलं असताना प्रोग्रॅमने 'सीपीएल पी१.१' चालवली. इम्युलेटरने इथे चुकून पिन वाचली, तर दाबलेल्या बटणाचा ० लॅचमध्ये परत लिहिला जातो. त्यानंतर बटण सोडलं तरी पी१.० कायम ० च. विद्यार्थी आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो आणि चूक इम्युलेटरची असते.

पडद्यावरचा एलईडी डीफॉल्टने ० ला पेटणारा ठेवा. चिपची पिन १ असताना फारच थोडा प्रवाह देते, ० असताना त्याहून बराच जास्त ओढून घेऊ शकते, म्हणून खऱ्या बोर्डावर एलईडी बहुधा तसाच जोडलेला असतो.

मशीन सायकल मोजणं गरजेचं आहे का?

हो, पहिल्या दिवसापासून. मूळ ८०५१ मध्ये एक मशीन सायकल म्हणजे क्रिस्टलचे १२ ठोके. १२ मेगाहर्ट्झला बरोबर १ मायक्रोसेकंद. बहुतेक इन्स्ट्रक्शनना १ किंवा २ सायकल, फक्त मल आणि डिव्हला ४. विद्यार्थ्यांचा आवडता डिले पाहा:

मूव्ह आर६, #२००
बाहेर: मूव्ह आर७, #२५०
आत: डीजेएनझेड आर७, आत
डीजेएनझेड आर६, बाहेर

आतल्या फेऱ्या २५० × २ = ५००, बाहेरची एक फेरी १ + ५०० + २ = ५०३, एकूण १ + २०० × ५०३ = १,००,६०१ मशीन सायकल, म्हणजे १२ मेगाहर्ट्झला १००.६०१ मिलिसेकंद. तुमच्या काउंटरने हाच आकडा दाखवला पाहिजे, एकानेही कमी-जास्त नाही. नव्या काळच्या कित्येक ८०५१-जातीच्या चिप एका सायकलला १२ पेक्षा कमी ठोके घेतात, तेव्हा हा भाजक सेटिंगमध्ये ठेवा.

टायमर हळूहळू मागे का पडतो?

बहुधा मोड २ मधल्या (टायमर भरला की ठरलेली किंमत आपोआप परत भरणाऱ्या प्रकारातल्या) रीलोडमुळे. प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर टीएलमध्ये (मोजणाऱ्या रजिस्टरात) सायकल मिळवायच्या आणि २५५ ओलांडलं की टीएलमध्ये टीएच (रीलोडची किंमत) भरायचं, असं लिहिलं तर उरलेली सायकल हरवते. टीएल २५५ असताना २ सायकलची इन्स्ट्रक्शन चालली, तर पहिल्या सायकलला रीलोड होतो आणि दुसरी त्यात मिळते. रीलोड २५३ असेल तर दर ३ सायकलला ओव्हरफ्लो, म्हणजे ४ सायकलच्या एका मलमध्ये दोनदाही होऊ शकतो. त्यामुळे हुशारी न करता एकेक सायकल लूपमध्ये पुढे ढकला. वेगाची काळजी इथे करण्यासारखी नाही.

मोड १ (१६ बिटांची मोजणी) तपासायला: १२ मेगाहर्ट्झला ५० मिलिसेकंदांसाठी ६५,५३६ − ५०,००० = १५,५३६ भरायचे. ११.०५९२ मेगाहर्ट्झला तेवढ्याच वेळासाठी १९,४५६.

इंटरप्ट कुठल्या क्षणी घ्यायचा?

इन्स्ट्रक्शन पूर्ण झाल्यावर, टायमर पुढे ढकलून झाल्यावर. क्रम असा तपासा: बाह्य ०, टायमर ०, बाह्य १, टायमर १, सिरियल. व्हेक्टर (इंटरप्ट आल्यावर जिथे उडी जाते ते पत्ते) ३ पासून ८-८ च्या अंतराने: ३, ११, १९, २७, ३५. नुकतीच चाललेली इन्स्ट्रक्शन रेटआय (इंटरप्टमधून परत) असेल किंवा तिने आयई (इंटरप्ट चालू-बंद) वा आयपी (अग्रक्रम) या रजिस्टरांना हात लावला असेल, तर आणखी एक इन्स्ट्रक्शन चालू द्या, मग इंटरप्ट घ्या. उडीसाठी २ सायकल मोजा. टायमरचा फ्लॅग हार्डवेअर स्वतः पुसतं, सिरियलचे आरआय (बाइट आला) आणि टीआय (बाइट गेला) प्रोग्रॅमने पुसायचे असतात.

रेट (सबरुटीनमधून परत) आणि रेटआय यांत फरक ठेवायलाच हवा. दोन्ही स्टॅकवरून (परतीचे पत्ते ठेवायच्या जागेवरून) पत्ता काढतात, पण 'या पातळीचा इंटरप्ट चालू आहे' ही अंतर्गत खूण फक्त रेटआय पुसते. रेट लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा इंटरप्ट एकदाच येतो आणि मग कधीच नाही. इम्युलेटरनेही तसंच वागावं, आणि वर एक सूचना द्यावी: 'इंटरप्टमधून रेटने परतलात'.

सिरियल पोर्ट कितपत करावा?

सिरियल पोर्टचा मोड १ (८ बिटांचा डेटा) पुरतो. एसबफ या एका नावामागे दोन रजिस्टरं आहेत, पाठवण्याचं वेगळं आणि घेण्याचं वेगळं, एवढं लक्षात ठेवा. बॉड दर (सेकंदाला किती बिट) क्रिस्टलवरून काढून दाखवा: ११.०५९२ मेगाहर्ट्झ आणि टीएच१ (टायमर १ चं टीएच) = २५३ असताना बरोबर ९,६००. तेच १२ मेगाहर्ट्झला सुमारे १०,४१७ होतात, म्हणजे साडेआठ टक्के चूक, आणि खऱ्या तारेवर अक्षरांचा कचरा.

खरी चिप गप्प राहते तिथे इम्युलेटरने बोलावं का?

बोलावं, मोठ्याने बोलावं. विद्यार्थ्यांसाठीच्या इम्युलेटरचं सगळ्यात मोठं काम हेच. वागणूक चिपसारखीच ठेवा, सूचना वेगळ्या पट्टीत दाखवा, आणि त्या बंद करण्याची सोय असू द्या. या चुका तरी नक्की पकडा:

- '#' विसरणे. 'मूव्ह ए, #५' मध्ये ५ ही संख्या, 'मूव्ह ए, ५' मध्ये ५ नंबरच्या पत्त्यावरचं जे काही असेल ते. ही चूक सर्वांत जास्त होते. असेंबलरला (ओळींचे बाइट करणाऱ्या प्रोग्रॅमला) चूक म्हणता येत नाही, म्हणून प्रत्येक पावलाला 'पत्ता ०५एच (आर५) वाचला' असं लिहून दाखवा.
- शेवटी 'एसजंप $' (त्याच जागी फिरत राहा) न लिहिणे. पुसलेल्या फ्लॅशमध्ये सगळे बिट १ असतात, आणि तो ऑपकोड 'मूव्ह आर७, ए' आहे. प्रोग्रॅम रिकाम्या जागेत घसरत जातो, पत्ते संपले की पुन्हा ० वर येतो आणि जणू रीसेट झाल्यासारखा सुरू होतो. कोड न भरलेला पत्ता चालवायची वेळ आली की थांबा.
- स्टॅकची टक्कर. रीसेटनंतर एसपी (स्टॅकचा चालू पत्ता) ०७एच असतो आणि पुश (स्टॅकवर ठेवणे) तो आधी वाढवून मग लिहिते, त्यामुळे पहिला बाइट ०८एच वर, म्हणजे बँक १ च्या आर० वर पडतो. बँक १ वापरणाऱ्याची रजिस्टरं अशी गुपचूप बदलतात.
- न लिहिलेली रॅम वाचणे. चालू होताना चिपच्या रॅममध्ये काय असेल याचा भरवसा नसतो. इम्युलेटरमध्ये सगळीकडे शून्य भरलं की चुकीचा प्रोग्रॅमही बरोबर चालतो आणि बोर्डावर गेल्यावर फसतो. सुरुवातीला यादृच्छिक बाइट भरा. पण रीसेटचं बटण दाबल्यावर रॅमला हात लावू नका, कारण चिपही लावत नाही.
- शून्याने भागाकार. ओव्हरफ्लो १ करा, ए आणि बी मधलं अनिश्चित आहे असं दाखवा.

मागचं पाऊल परत घेता येईल का?

येईल, आणि जरूर द्या. अंतर्गत रॅम आणि विशेष रजिस्टरं मिळून ३८४ बाइट. दर पावलाला त्यांची प्रत ठेवली तरी १०,००० पावलांना ४ मेगाबाइटच्या आत काम होतं. बाहेरच्या मेमरीसाठी फक्त बदललेला पत्ता आणि जुनी किंमत नोंदवा. इंटरप्टच्या अंतर्गत खुणा आणि सायकलचा आकडा साठवायला विसरू नका, नाहीतर मागे जाऊन पुन्हा पुढे आल्यावर निकाल वेगळा येतो.

असेंबलर स्वतः लिहायचा का?

जमेल तर हो, कारण ओळ आणि पत्ता यांची सांगड घालणं सोपं जातं. दोन फेऱ्या पुरतात: पहिलीत लेबलांचे पत्ते, दुसरीत बाइट. सोळा-पायाची संख्या अक्षराने सुरू होत असेल तर पुढे ० लागतो, आणि पुशला 'ए' चालत नाही, 'एसीसी' (ए चंच पत्त्याचं नाव) लागतो. या दोन्हींसाठी चूक सांगणारे संदेश नेमके लिहा.

बाहेरच्या असेंबलरची इंटेल हेक्स फाइलही (मशीन कोड मजकुराच्या रूपात ठेवणारी) वाचा. ओळीतला क्रम: बाइटांची संख्या, पत्ता, प्रकार, डेटा, तपासणी-बेरीज. तपासणी-बेरजेसकट सगळ्या बाइटांची बेरीज २५६ ने भागली की बाकी ० यायला हवी. न आल्यास ओळीचा क्रमांक सांगून फाइल नाकारा.

'चालवा' दाबलं की ब्राउझर लटकतो. का?

विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम बहुधा कधीच संपणारा नसतो, आणि तुमचं लूप तो संपायची वाट पाहतं. चालवणं तुकड्यांत करा: १२ मेगाहर्ट्झला सेकंदाला १० लाख सायकल, पडदा ६० वेळा रंगवायचा, म्हणजे दर खेपेला सुमारे १६,६६७ सायकल चालवून थांबा. रजिस्टरांचा तक्ता प्रत्येक इन्स्ट्रक्शनला रंगवू नका, खेपेच्या शेवटी एकदाच रंगवा. वेग कमी करण्याची पट्टी ठेवा, सेकंदाला १ इन्स्ट्रक्शनपर्यंत. नवख्याला तोच वेग सर्वांत जास्त लागतो.

इम्युलेटर बरोबर आहे हे कसं तपासावं?

एडीडीसीला (कॅरीसकट बेरजेला) दोन ऑपरंड आणि एक कॅरी: २५६ × २५६ × २ = १,३१,०७२ शक्यता. सगळ्या चालवा, क्षणात होतात. अपेक्षित फ्लॅग मात्र इम्युलेटरमधलंच सूत्र वापरून काढू नका. ओव्हरफ्लो चिन्हांकित बेरीज करून मर्यादेशी ताडून पाहा. सबबीचं तसंच. 'डीए ए' साठी ०० ते ९९ च्या १०,००० जोड्या दशमान बेरजेशी जुळवा.

त्यानंतर वरचा डिले, ५० मिलिसेकंदांचा टायमर, रेट लिहिलेला चुकीचा इंटरप्ट आणि बटण-एलईडीचा प्रोग्रॅम हे चार खऱ्या बोर्डावर चालवून पाहा. बोर्ड आणि इम्युलेटर यांच्यात फरक दिसला तर आधी क्रिस्टलवर छापलेला आकडा वाचा, मग चिप १२ ठोक्यांची आहे का ते पाहा, आणि मगच कोड उघडा.